एका झाडाचा वसंत

दर वर्षी माघ सरत आला की आमच्या घरातील तरुण मंडळींस डोंगराची ओढ लागते. एखाद्या रविवारी पहाटेच उठावे, डबे भरून घ्यावेत, डोंबिवलीहून ठाणे गाठावे आणि तेथून येऊरच्या रानात 'वसंताचे फोटो काढावयास' जावे, असा त्यांचा परिपाठ. २०२३ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीही मंडळी अशीच गेली आणि दिवेलागणीस परतली. जेवणे झाल्यावर दिवसभराची लूट वडील माणसांपुढे मांडण्यात आली. मोजून तीनशे बारा चित्रे होती. मोबाईलवर एकामागून एक चित्र सरकत होते, तोंडाने वाहवा चालली होती, इतक्यात आमचे चुलते तात्या यांनी चष्मा पुसून एका चित्रावर बोट ठेवले. निळ्या आकाशावर लालभडक फुलांनी लगडलेली एक निष्पर्ण फांदी होती ती.

"हे झाड कोणते ग?" तात्यांनी विचारले.

"पळस असावा, तात्याआजोबा," आमची पुतणी म्हणाली.

"छे, पांगारा तो," थोरला पुतण्या म्हणाला.

काकू सुपारी कातरता कातरता जरा पुढे वाकल्या. "अरे, पाच जाड पाकळ्या दिसताहेत की नाही? ही काटेसावर. आमच्या माहेरी हिच्याच कापसाच्या उशा भरीत."

तात्या हसले व म्हणाले, "तीनशे चित्रे आणलीत, पण झाड एकही पाहून आला नाहीत."

सारे हसले, परंतु पुतणीस ते शब्द लागले. दुसऱ्या दिवशी ती आम्हांस म्हणाली, "काका, चित्रे चांगली आली आहेत. तरी ती पाहून मला काहीच सुचत नाही. काढताना मौज वाटते, आणि घरी आले की संपते. असे का व्हावे?" ती चित्रकलेचे शिक्षण घेत आहे. त्यामुळे 'काही सुचणे' ही तिच्या दृष्टीने करमणुकीची बाब नव्हे, नित्याच्या कामाची आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांसही चटकन देता आले नाही. ते शोधण्यात एक सबंध वसंत गेला, आणि त्यानंतर आमच्या हातून एक चूकही घडली. त्या दोहोंची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वसंताविषयी थोडे सांगितले पाहिजे. पंचांगाप्रमाणे चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने होत. परंतु ठाणे, कल्याण व डोंबिवली या आमच्या मुलखात वसंताची चाहूल माघातच लागते, आणि तो एकदम येत नाही. पाळीपाळीने येतो. सर्वांत आधी काटेसावर फुलते. तिच्या मागोमाग पळस व पांगारा येतात. येऊरच्या उतारावर कौशीचे झाड असेल तर तेही याच सुमारास एकही पान अंगावर न ठेवता शेंदरी फुलांनी भरून जाते. फाल्गुनात कुसुंबास पालवी फुटते. ही पालवी इतकी लाल असते की दुरून पाहणारा तिला खुशाल फुलोरा समजतो. देवळापाशी उभे असलेले जुने पिंपळ याच दिवसांत तांबूस, पातळ, उन्हात आरपार दिसणारी पाने पांघरतात. करंजाची पोपटी पालवी त्याच्या आगेमागे येते. आणि चैत्र उलटून वैशाखाचा ताप वाढला, की बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात व ताम्हण जांभळी होते. हे ताम्हणीचे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. पण रस्त्याच्या कडेला उभी असलेली ताम्हण ओळखणारे त्या मानाने थोडे.

या झाडांपैकी बरीचशी ऐन बहरात निष्पर्ण असतात. फुलांच्या आड पाने येत नसल्यामुळे ती दुरून दिसतात, आणि रसासाठी येणाऱ्या पाखरांची दृष्टी त्यांवर सहज जाते. पाणपक्ष्यांचा हिशेब निराळा. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्याच्या सुरुवातीस उतरलेले रोहित पक्षी उन्हाळा तापेपर्यंत मुक्काम करतात. खाडीचा तो भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व २०२२ साली त्यास रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. तात्पर्य, चित्रे काढावयास आमच्या मुलखात विषयांची वाण नाही. वाण असेल तर ती पाहणाराच्या सवडीची.

पुतणीच्या प्रश्नावर विचार करताना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. ती दादासाहेब फाळके यांची. फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले होते, आणि गोध्रा येथे काही काळ छायाचित्रकाराचा व्यवसायही केला होता. पुढे चित्रपटाचे वेड लागल्यावर १९१२ साली ते विलायतेस जाऊन आले व तेथून त्यांनी कॅमेरा मागविला. परंतु हाती पैसा नव्हता. या विद्येत काय सामर्थ्य आहे हे भांडवल देणाऱ्या माणसास दाखविल्याशिवाय तो मिळण्याचा संभव नव्हता. अशा वेळी त्यांनी राजवाडा, मिरवणूक किंवा नाटकातील एखादा भव्य प्रवेश निवडला नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, त्या कुंडीसमोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या एकाच रोपाची चित्रे थोडी थोडी घेतली. ती एकत्र जुळवून जी फिल्म झाली ती जेमतेम मिनिटभराहून थोडी मोठी होती. बी रुजले, कोंब वर आला, आणि पाहता पाहता वेल झाला, एवढाच तिचा विषय. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. ती पाहून त्यांस कर्ज मिळाले. पुढे सरस्वतीबाईंनी आपले दागिने देऊ केले, फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. या देशातील चित्रपटाच्या धंद्याचे मूळ शोधू गेल्यास ते अशा रीतीने वाटाण्याच्या एका रोपापाशी जाऊन पोहोचते.

आम्ही ही हकीकत पुतणीस सांगितली व म्हटले, "फाळक्यांनी शंभर झाडे पाहिली नाहीत. एकच रोप महिनाभर पाहिले. तू तसे करून पाहा."

आमच्या इमारतीच्या मागे एक जुने बैठे घर होते. त्याच्या कुंपणात एक पांगारा उभा होता. पांगारा ही काही मिरविण्याची जात नव्हे. त्याची फांदी जमिनीत रोवली तरी जीव धरते, म्हणून कोकणात त्यास कुंपणाच्या कामी लावतात व त्यावर मिरीचे वेल चढवितात. लाकूड हलके व मऊ असल्यामुळे सावंतवाडीची खेळणी करणारे कारागीर ते वापरीत आले आहेत. एरवी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. असे ठरले की, महाशिवरात्रीपासून रामनवमीपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस दिवस, रोज सकाळी साडेसातच्या सुमारास, जिन्याच्या त्याच खिडकीतून त्याच झाडाचे एक चित्र काढावयाचे. एकच. अधिक काढण्याची मुभा नाही. चित्राखाली वहीत तारीख, तिथी व त्या दिवशी जे नवीन दिसले ते एका ओळीत लिहावयाचे.

पहिल्या दिवसाची ओळ अशी होती: "निव्वळ काटक्या व काळे काटे. यात चित्र ते काय?" दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाच्या ओळी याहून फारशा निराळ्या नव्हत्या. चौथ्या दिवशी तिने हे काम सोडून देण्याचा विचार बोलून दाखविला. तात्यांनी तिला एवढेच विचारले, "काटे सगळ्या फांद्यांवर सारखेच आहेत का ग?" ती उठून पाहावयास गेली. जून बुंध्यावर काटे विरळ होते व कोवळ्या फांद्यांवर दाट. ही त्या वहीतील पहिली खरीखुरी नोंद होय.

सहाव्या दिवशी फांद्यांच्या टोकांस मखमली, करड्या नख्यांसारखे काही दिसू लागले. त्या कळ्या होत्या. त्यानंतर वही झपाट्याने भरू लागली. घोसातील खालच्या कळ्या आधी उमलतात व शेंड्याकडील कळ्या शेवटपर्यंत वाट पाहतात. भिंतीकडील फांदी इतरांहून चार दिवस मागे राहते. फूल दुरून एकाच लाल रंगाचे वाटले तरी त्याची एक पाकळी मोठी, ध्वजासारखी उभी असते. बाकीच्या पाकळ्या आखूड, आणि त्यांतून केसर पुढे आलेले. पाखरू रसासाठी आत चोच घालते तेव्हा नेमके हे केसर त्याच्या डोक्याला घासतात व परागांचा टिळा लागतो. हे तिने पुस्तकात वाचले नव्हते. एका मैनेच्या कपाळावर पिवळी धूळ दिसली, तेव्हा तिचे तिलाच उमजले.

पाखरांची हजेरीही ठरलेली होती. प्रथम कावळे, मग मैना, मग बुलबुल, आणि उन्हे जरा वर आली की शिंजीर. होळीच्या दुसऱ्या दिवशी गुलाबी अंगाच्या व काळ्या डोक्याच्या मैनांचा एक थवा उतरला आणि पाव तास सारे झाड गजबजून गेले. काकूंनी त्या ओळखल्या. भोरड्या त्या, ज्यांस पळसमैना असेही म्हणतात. पळसाच्या फुलांवर त्यांची धाड पडते म्हणून हे नाव. हे पाहुणे मध्य आशियाकडून व त्याही पलीकडून आपल्याकडे हिवाळ्यासाठी येतात आणि उन्हाळा कडक होण्यापूर्वी परत जातात. डोंबिवलीच्या एका बोळातील कुंपणाच्या झाडावर इतक्या दूरचे पाहुणे उतरत असतील ही कल्पना आमच्यापैकी कोणासही नव्हती.

गुढीपाडव्याच्या सकाळी पहिले पान दिसले. त्या दिवशी शहरात नववर्ष स्वागतयात्रेची धामधूम होती. १९९९ साली येथील श्रीगणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेली ही यात्रा आता गावोगाव निघते. ढोलताशांचा आवाज मागल्या बोळापर्यंत येत होता, आणि पुतणी नऊवारीत, नथ घालून, जिन्याच्या खिडकीत मोबाईल धरून उभी होती. त्या दिवसाची ओळ: "तीन पाने एका देठाला. पळसाला पाने तीनच म्हणतात; यालाही तीनच." तिने पुस्तक काढून पाहिले तेव्हा कळले की पळस आणि पांगारा ही दोन्ही झाडे शेंगा धरणाऱ्या एकाच कुळातील आहेत. इतकेच नव्हे, तर फाळक्यांच्या कुंडीतील वाटाणाही त्याच कुळातला! ध्वजासारखी ती उभी पाकळी वाटाण्याच्या फुलासही असते. हे समजले तेव्हा तिला जो आनंद झाला तो तीनशे बारा चित्रांच्या दिवशी आम्ही तिच्या मुद्रेवर पाहिला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या खटाटोपातून तिला 'सुचले' काय? रामनवमीस चाळीस दिवस पुरे झाले. मध्यंतरी एका लग्नामुळे दोन दिवस चुकले होते. उरलेल्या चित्रांपैकी चित्र म्हणून ठेवण्याजोगी चार निघाली. आमच्या एका मेहुण्यांनी त्यावर कविताही केली, परंतु ती येथे न देणे हेच तिच्या व वाचकांच्या हिताचे. खरी गोष्ट घडली ती चैत्रांगणाच्या निमित्ताने.

चैत्रगौरीच्या महिन्यात आमच्याकडे दारापुढे चैत्रांगण काढण्याची रीत आहे. पूर्वी ते अंगणात निघे. आता फ्लॅटच्या उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या चौकात निघते. झोपाळ्यातील गौर, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र, शंख, कासव, गोपद्मे, कमळ ही चिन्हे काकूंच्या बोटांस इतकी सवयीची आहेत की त्या गप्पा मारता मारता ती काढतात. त्या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी हे काम पुतणीकडे आले. तिने सर्व चिन्हे यथास्थित काढली. मात्र चारी कोपऱ्यांत कमळांच्या जागी एक निराळाच आकार काढला. मधोमध देठ, त्याभोवती चक्राच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या वाकड्या पाकळ्या, आणि शेंड्याकडे मिटलेल्या नख्या. पांगाऱ्याचा घोस तो!

काकू प्रथम नाराज झाल्या. "चैत्रांगणात कमळ असते, बाई. पांगारा कोणी काढीत नाही."

"आजी, मी कमळ रांगोळीतच पाहिले आहे. हा पांगारा रोज पाहिला."

काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "दोन कोपऱ्यांत कमळ काढ, दोन कोपऱ्यांत हा असू दे. गौरीला दोन्ही चालेल."

हळदीकुंकवास आलेल्या बायका आंब्याची डाळ व पन्हे घेत त्या रांगोळीपाशी थबकत होत्या व हे फूल कोणते म्हणून विचारीत होत्या. आम्हांस याहून विशेष वाटली ती गोष्ट अशी की, तो आकार काढताना तिने मोबाईल एकदाही उघडला नाही. चित्र पाहून उतरविण्याची तिला गरजच पडली नाही. चाळीस सकाळी एकाच झाडापुढे उभे राहिल्याने तो आकार तिच्या बोटांत उतरला होता. त्यानंतर वर्षभर तिच्या कागदावर तो निरनिराळ्या रूपांनी येत राहिला. कधी लुगड्याच्या काठावर, कधी लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, कधी नुसत्या रेघांच्या खेळात. तीनशे बारा चित्रांनी जे दिले नाही ते एका झाडाने का दिले, याचा उलगडा आम्हांस तेथे झाला. पुष्कळ वस्तूंपुढून धावत गेले म्हणजे यंत्राकडे चित्रे साठतात व माणूस रिकामाच परततो. एका वस्तूपुढे वारंवार उभे राहिले म्हणजे आज काय बदलले हे शोधावे लागते, आणि या शोधण्यातच मन कामास लागते.

हे आमचेच मत आहे असे नाही. छायाचित्रणाच्या इतिहासात याला आधार आहे. इंग्लंडातील फॉक्स टॅल्बट १८३३ साली इटलीतील कोमो सरोवराकाठी चित्र काढावयास बसला. हात साथ देईना. तेव्हा निसर्गाने आपली प्रतिमा आपणच कागदावर उमटवावी अशी युक्ती शोधण्याचा ध्यास त्याने घेतला, आणि कागदावरील छायाचित्राचा उदय झाला. त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत झाडांची पाने व फुले कागदावर ठेवून त्यांचे ठसे उन्हात उमटविलेले आहेत. ॲना ॲटकिन्स या विदुषीने १८४३ सालापासून समुद्रातील शेवाळांचे असे निळे ठसे काढून त्यांचे पुस्तकच सिद्ध केले. पुढे जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक कलाशिक्षक होऊन गेले. त्यांनी बर्लिन येथे तीसएक वर्षे विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी साध्या रानटी वनस्पतींची छायाचित्रे काढली. नेच्याचे गुंडाळलेले कोंब, भोपळ्याच्या वेलीचे पिळदार तंतू असले विषय ते पुष्कळ पटींनी मोठे करून दाखवीत. लोखंडी जाळ्या, कोरीव खांब, नक्षी यांचे आकार आधी वनस्पतींत पाहावयास शिका, असा त्यांचा रोख. १९२८ साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा ते वयाची साठी उलटलेले शिक्षक होते. आपल्याकडे दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र' लिहिले तेव्हा हाती कॅमेरा घेतला नाही. पण महिन्यामहिन्याने झाडांकडे पुन्हा पुन्हा पाहण्याची जी रीत त्या पुस्तकात आहे, ती याच जातीची.

ज्या कुटुंबांस असा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. झाड असे निवडावे की ज्यापाशी जाण्यास सायास पडू नयेत. येऊर किंवा मलंगगड सुटीसाठी ठीक आहे, परंतु रोजच्या पाहण्यास खिडकीतील झाड बरे. उभे राहण्याची जागा खडूने खूण करून ठरवावी व वेळ सकाळची ठेवावी. त्या वेळी ऊन तिरके व मऊ असते. लाल फुलांचे चित्र भर दुपारी घेतल्यास रंग भडकतो व पाकळ्यांचा सारा तपशील एका डागात बुडून जातो. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर फुलावर बोट ठेवून उजेड थोडा उतरवावा. पिंपळाची कोवळी पाने सूर्य त्यांच्या मागे असताना घ्यावीत, म्हणजे शिरान्‌शीर उमटते. पांढुरके आकाश पाठीमागे न घेता गडद भिंत किंवा झाडी घ्यावी. दुरून यंत्राने मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. मात्र घरट्याजवळ जाऊ नये, कारण पाखरे बिचकून घरटे सोडतात. चित्रासाठी फांदी ओढू वा मोडू नये. आणि लोकलच्या दारात लोंबकळून मुंब्र्याचा डोंगर टिपण्याचे साहस तर मुळीच करू नये. नोंदवही घरात सर्वांच्या हाती लागेल अशी ठेवावी. आमच्या वहीत तात्यांचे प्रश्न आहेत, काकूंनी सांगितलेली नावे आहेत, आणि धाकट्या नातवाने काढलेला एक कावळाही आहे. एकत्र कुटुंबाचा हा एक लाभ आहे. एकाने पाहावे, दुसऱ्याने विचारावे, तिसऱ्याने नाव सांगावे.

आता त्या चुकीविषयी. रामनवमी झाली, वही बंद झाली, आणि आम्ही सर्वजण आपापल्या उद्योगास लागलो. पुढल्या वर्षी पांगारा पुन्हा फुलला. "फुलला वाटते," असे जाता येता म्हणण्यापलीकडे कोणी काही केले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ते बैठे घर पाडून तेथे इमारत बांधण्याचे ठरले. राज्याच्या १९७५ सालच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यापूर्वी परवानगी मागावी लागते, आणि नागरिकांस हरकत घेता यावी म्हणून नोटीस प्रत्यक्ष झाडावर लावावी लागते. तशी नोटीस त्या पांगाऱ्यावर लावलेली होती. आम्ही रोज त्या बोळातून जात येत होतो. आमच्यापैकी एकानेही ती पाहिली नाही. करवतीचा आवाज आला तेव्हा पुतणी खिडकीकडे धावली. तोवर हरकतीची मुदत केव्हाच टळून गेली होती.

हरकत घेतली असती तर झाड वाचलेच असते असे आम्ही म्हणत नाही. कदाचित वाचले नसते. परंतु ज्या खिडकीतून चाळीस सकाळी आम्ही त्या झाडाचा काटा न्‌ काटा पाहिला, त्याच खिडकीतून त्याच्या बुंध्यावरील कागद आम्हांस दिसला नाही, ही गोष्ट कोणावर ढकलता येण्याजोगी नाही. पाहण्याचा वसा आम्ही एका ऋतूपुरता घेतला आणि उद्यापन करून मोकळे झालो. त्या दिवशी रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. शेवटी तात्याच म्हणाले, "पांगारा फांदीने लागतो. अजून फांद्या बोळातच पडल्या असतील."

रात्री नऊ वाजता आमचे दोन पुतणे व पुतणी बॅटरी घेऊन खाली गेले. तोडणाऱ्या मजुरांनी हसत हसत मनगटाएवढ्या जाडीच्या दोन फांद्या दिल्या. सोसायटीच्या चिटणिसांची परवानगी काढून त्या कुंपणाच्या भिंतीलगत रोवल्या. एक पावसात कुजली. दुसरीने जीव धरला.

ती अजून फुललेली नाही. पुतणीने मात्र वही पुन्हा उघडली आहे. आता रोज नव्हे, पण दर महिन्याच्या अमावास्येस व पौर्णिमेस, वर्षाचे बारा महिने. यंदाच्या शिवरात्रीचे चित्र तिने आम्हांस दाखविले. भिंतीलगत उभी असलेली एक काठी, तिला फुटलेल्या दोन बारीक फांद्या, आणि त्यांवर दाट काळे काटे. खाली ओळ होती: "निव्वळ काटक्या. काटे कोवळ्या फांद्यांवर दाट."

वाचकांनीही आपल्या खिडकीतून दिसणारे एखादे झाड यंदा निवडावे अशी आमची विनंती आहे. ते कोणते हे घरातील वडील माणसांस विचारावे. आणि चैत्र संपला म्हणून वही मिटून ठेवू नये.